वर्गातली यंत्रे आणि मुलांच्या चुका

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. ती तिसरीत आहे. येताना तिने टॅब्लेट आणला होता आणि त्यावर गणिताचे एक ॲप होते. मी शेजारी बसून पाहत होतो. पडद्यावर ५२ − २७ हे उदाहरण आले आणि त्याखाली ३५, ४५, २५ आणि ७९ असे चार पर्याय. तिने ३५ वर बोट ठेवले. लाल फुली आली. मग ४५ वर ठेवले. पुन्हा लाल फुली. मग २५ वर ठेवताच पडद्यावर फुगे उडाले, एक चांदणी मिळाली आणि पुढचे उदाहरण आले.

मी विचारले, "अगं, पहिल्यांदा ३५ कसे आले तुझे?"

ती म्हणाली, "मामा, मोठ्यातूनच लहान जातो ना! सातातून दोन गेले, पाच राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले. पस्तीस!"

शिक्षक मित्रहो, या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी घडल्या. मुलीचे उत्तर चुकले हे यंत्राला कळले. ते का चुकले हे यंत्राला कळले नाही. आणि तिची समजूत जशीच्या तशी राहूनही तिला चांदणी मिळाली. मी पेशाने संशोधक आहे. प्रयोगशाळेत आम्ही दोन प्रकारच्या त्रुटी मानतो. एक यादृच्छिक, म्हणजे कधी इकडे तर कधी तिकडे जाणारी. दुसरी पद्धतशीर, म्हणजे दर वेळी एकाच दिशेला जाणारी. एखादा तराजू दर वेळी दोन मिलिग्रॅम जास्त दाखवू लागला, तर आम्ही त्याला फुली मारून पुढे जात नाही. त्याचे कारण शोधतो, कारण ती त्रुटी आम्हाला तराजूविषयी काहीतरी सांगत असते. भाचीची चूक या दुसऱ्या प्रकारची होती. तिला एक नियम ठाऊक होता आणि तो ती इमानाने पाळत होती.

मुलांच्या चुकांचे यंत्राने काय करावे, हा प्रश्न टॅब्लेटबरोबर आलेला नाही. तो शंभर वर्षांचा आहे. आज शाळाशाळांतून टॅब्लेट, डिजिटल फळे आणि ॲप्स येत असताना हा इतिहास एकदा पाहून घेणे उपयोगाचे ठरेल.

चार कळांचे यंत्र

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सभेत त्यांनी एक यंत्र मांडले. लहानशा टंकलेखन यंत्रासारखे ते दिसे. एका खिडकीत प्रश्न आणि त्याची चार उत्तरे दिसत आणि विद्यार्थी चारपैकी एक कळ दाबी. यंत्र दोन प्रकारे चालविता येई. पहिल्या प्रकारात ते परीक्षा घेऊन गुण मोजी. दुसऱ्या प्रकारात बरोबर कळ दाबली जाईपर्यंत प्रश्न पुढे सरकतच नसे. बरोबर उत्तराला गोळी देणारी सोयही प्रेसींनी त्याला जोडली होती. गोळीच्या जागी चांदणी ठेवली की भाचीचे ॲप तयार झाले!

प्रेसींचा हेतू चांगला होता. उत्तरपत्रिका तपासण्याच्या कंटाळवाण्या कामातून शिक्षकाची सुटका व्हावी आणि त्याला खऱ्या शिकविण्यासाठी वेळ मिळावा, असे त्यांना वाटे. पण थोड्याच वर्षांत जागतिक मंदी आली. बेकारी वाढलेल्या त्या काळात श्रम वाचविणारी यंत्रे कोणालाच नको होती. १९३२ मध्ये प्रेसींनी खेदाने हे काम सोडून दिले.

चूक होऊच द्यायची नाही

यानंतरचा प्रसंग एका वर्गातला आहे. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या चौथीच्या वर्गात मागे बसून गणिताचा तास पाहत होते. पालकांनी वर्ग पाहायला यावे असा तो दिवस होता. स्किनर यांना दोन गोष्टी खटकल्या. मुले गणिते सोडवीत होती, पण उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नव्हते. आणि साऱ्या वर्गाला एकाच गतीने चालावे लागत होते. कोणी काम संपवून चुळबुळ करीत होते, कोणी पहिल्याच गणितावर अडून बसले होते. हे निरीक्षण किती अचूक होते, हे साठ मुलांच्या वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागणार नाही.

स्किनर लगेच कामाला लागले. १९५४ मध्ये त्यांनी दाखविलेल्या यंत्रात मूल सरकपट्ट्या हलवून उत्तराचे अंक जुळवी आणि एक मूठ फिरवी. उत्तर बरोबर असेल तर मूठ सहज फिरे आणि घंटा वाजविता येई. चूक असेल तर मूठ फिरतच नसे. प्रेसींचे चार पर्याय स्किनर यांना पसंत नव्हते. चारपैकी तीन चुकीची उत्तरे आपणच मुलांपुढे कशाला ठेवायची, असा त्यांचा सवाल होता. मुलाने उत्तर स्वतः तयार करावे, पाठाच्या पायऱ्या इतक्या लहान असाव्यात की बहुतेक उत्तरे बरोबरच यावीत आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच प्रबलन मिळावे, हा त्यांचा सिद्धान्त. डी.एड., बी.एड.च्या अभ्यासात आपण क्रमान्वित अनुदेशन वाचतो, त्याचा हा उगम होय.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत विज्ञानशिक्षणावर पैशाचा पाऊस पडू लागला आणि अध्यापन यंत्रांची लाट आली. मग संगणक आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक सपिस यांनी १९६० च्या दशकात प्राथमिक शाळेतील मुलांना संगणकावर अंकगणिताचा सराव देण्यास सुरुवात केली. अलेक्झांडरला ॲरिस्टॉटल गुरू मिळाला होता, तसा खासगी गुरू लवकरच लाखो मुलांना संगणकाच्या रूपाने मिळेल, असे भाकीत त्यांनी १९६६ मध्ये केले. या भाकितात ॲरिस्टॉटलचे एक काम मात्र सुटून गेले. शिष्याचे उत्तर ऐकल्यावर गुरू "असे का म्हणतोस?" हा प्रश्नही विचारतो.

बेनीची गोष्ट

तो प्रश्न न विचारल्याने काय होते, हे १९७३ मध्ये स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने दाखवून दिले. त्या काळी अमेरिकेतील काही शाळांत पीट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेली व्यक्तिगत अध्ययनाची एक पद्धत चालू होती. मूल आपापल्या गतीने पुस्तिका सोडवी आणि छापील उत्तरांशी उत्तरे ताडली जात. चाचणीत ८० टक्के गुण मिळाले की पुढचा टप्पा. यंत्र नव्हते, पण डोके यंत्राचेच होते.

अर्लवँगर यांनी सहावीतल्या बारा वर्षांच्या एका मुलाशी निवांत गप्पा मारल्या. लेखात त्याला 'बेनी' असे नाव दिले आहे. बेनी दुसरीपासून या पद्धतीत होता आणि शिक्षकांच्या मते त्याची प्रगती सरासरीहून चांगली होती. पण त्याला २/१० हा अपूर्णांक दशांशात लिहायला सांगितला, तर त्याने १.२ लिहिले. रीत अशी: २ आणि १० मिळून १२, मग मध्ये दशांश चिन्ह. त्याच रीतीने ५/१० म्हणजे १.५. आणि ४/११ काय किंवा ११/४ काय, दोन्ही १.५ च! ०.३ + ०.४ चे उत्तर त्याने ०.०७ दिले, दोन्ही संख्यांत चिन्हापुढे एकेक अंक आहे, म्हणून उत्तरात दोन हवेत.

बेनी मठ्ठ नव्हता. त्याने फार विचार करून आपले स्वतःचे नियमशास्त्र उभे केले होते. उत्तर छापील उत्तराशी जुळले नाही तर आपला नियम चुकला असे त्याला वाटत नसे. आपले उत्तरही खरेच आहे, फक्त पुस्तिकेत दुसऱ्या रूपात छापले आहे, असे तो मानी आणि जुळेपर्यंत दुसरी रूपे लिहून पाही. ८० टक्क्यांची पायरी तो अशीच चढत गेला. चार वर्षांत त्याला "हे कसे आणलेस?" असे कोणी विचारले नाही, कारण तो नीट पुढे जात होता.

कासव

आता थोडे मागे जाऊ. १९६७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावी वॉलेस फ्यूर्झाइग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि डॅनियल बॉब्रो यांनी 'लोगो' नावाची संगणकभाषा मुलांसाठी तयार केली. पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. त्यांनी जिनीव्हात झां पियाजे यांच्याबरोबर काम केले होते. त्यांनी सारी मांडणीच उलटी केली. आजवर यंत्र प्रश्न विचारी आणि मूल उत्तर देई. लोगोत मूल आज्ञा देई आणि यंत्र ती पाळी.

पहिल्या लोगोत शब्द आणि वाक्येच होती. थोड्याच वर्षांत तिला कासव जोडले गेले. जमिनीवर चाकांनी चालणारा घुमटाच्या आकाराचा तो यंत्रमानव होता आणि त्याच्या पोटाशी पेन होते. 'पुढे १००' म्हटले की ते १०० पावले जाई, 'उजवीकडे ९०' म्हटले की जागेवर ९० अंशांतून वळे. पुढे हेच कासव पडद्यावर आले.

समजा मुलाला समभुज त्रिकोण काढायचा आहे. पुस्तकात वाचले आहे की त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. म्हणून त्याने आज्ञा लिहिली: पुढे १००, उजवीकडे ६०, असे तीन वेळा. पडद्यावर त्रिकोण येतच नाही! येतो तो अर्धा षटकोन. कासव फुली मारीत नाही आणि चांदणीही देत नाही. सांगितले तेवढेच करून उभे राहते. आता मुलाला कळेना की चुकले कुठे. पॅपर्ट यांचा सल्ला असा की मुलाने स्वतः कासव व्हावे आणि अंगणात चालून पाहावे. चालताना ध्यानात येते की कोपऱ्यावर आपण वळतो तो त्रिकोणाच्या आतला कोन नव्हे, बाहेरचा. तो १२० अंशांचा. आणि मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून परत येईपर्यंत एकूण वळण ३६० अंशांचे होते. त्रिकोण असो वा षटकोन. बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांचा सिद्धान्त असा मुलाच्या पायांतून वर येतो.

संगणकवाल्यांच्या भाषेत आज्ञावलीतल्या दोषाला 'बग' म्हणतात. तो शोधून दुरुस्त करायचा असतो, त्याची लाज वाटायची नसते. ही वृत्ती मुलांच्या शिकण्यात यावी, हे पॅपर्ट यांच्या १९८० साली आलेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकाचे सार होय.

याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकप्रणाली चालू होती. १९७० च्या दशकात तिच्या पडद्याला बोटाने स्पर्श करूनही उत्तर देता येई. त्यावर शॅरन डगडेल आणि डेव्हिड किबी यांनी अपूर्णांकांचा एक खेळ केला. संख्यारेषेला फुगे बांधलेले असत. फुगा कोणत्या संख्येपाशी आहे ते ओळखून मुलाने ती संख्या लिहायची. लिहिलेल्या जागी बाण येऊन लागे. फुगा १/३ पाशी आहे आणि मुलाने १/४ लिहिले, तर बाण फुग्याच्या अलीकडे, शून्याच्या बाजूला रुतून बसे. "चार तीनाहून मोठे, म्हणून १/४ मोठा" असे मानणाऱ्या मुलाला बाणच उत्तर देई. किती चुकले आणि कोणत्या बाजूला चुकले, दोन्ही एका नजरेत!

उत्साह आणि मोजमाप

लोगोचा बोलबाला झाला आणि या भाषेने मुलांची विचारशक्तीच वाढते असे लोक म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी हे तपासले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना त्यांनी वर्गातील कामांचे नियोजन करायला दिले. न शिकलेल्या मुलांपेक्षा त्यांचे नियोजन सरस नव्हते. पुढे डग्लस क्लेमंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिथे शिक्षक कासवाचे वळण आणि भूमितीतला कोन यांचा संबंध मुद्दाम बोलून दाखवीत, अशा वर्गांचा अभ्यास केला. तिथे मुलांची भूमितीची समज वाढलेली दिसली. कासव तेच, पण शेजारी कोणीतरी प्रश्न विचारणारे होते.

शिक्षकांसाठी सर्वांत मोलाचे काम मला वाटते ते जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांचे. त्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकाराग्वातील हजाराहून अधिक मुलांच्या वजाबाक्या तपासल्या. त्यांतल्या कितीतरी चुका निष्काळजीपणाच्या नव्हत्या. मूल एखादा चुकीचा नियम नेमाने पाळत होते. आमच्या तराजूसारखेच! या अभ्यासातून त्यांनी 'बगी' नावाचा कार्यक्रम केला. त्यात संगणक चुकणारा विद्यार्थी होतो आणि शिक्षकाने त्याला नवनवी उदाहरणे घालून त्याचा चुकीचा नियम ओळखायचा. इथे यंत्र मुलाला शिकवीत नव्हते, शिक्षकाला मुलाचे ऐकायला शिकवीत होते.

हा खेळ आपल्याला संगणकाशिवायही खेळता येईल. वर्गाला २०४ − ७६ हे एकच उदाहरण द्या. ज्याचे उत्तर १२८ आले त्याला रीत येते. ज्याचे २७२ आले तो भाचीसारखा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो आहे. ज्याचे २२८ आले त्याला दशक सुटे करायचे हे कळले आहे. पण दशकाच्या घरात शून्य दिसताच त्याने तिथे ९ मांडले आणि शतकाच्या घरातला एक कमी करायला तो विसरला. या दोन मुलांना वेगवेगळी मदत हवी. लाल फुली दोघांना सारखीच.

आपल्याकडे

भारतात शालेय संगणकशिक्षणाचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ मध्ये सुरू झालेला 'क्लास' प्रकल्प. सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आले; पण त्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा होत्या. प्राथमिक वर्गांपर्यंत यंत्र पोचायला आणखी बराच काळ गेला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. हा प्रकल्प पॅपर्ट यांच्या विचारांतूनच निघाला होता. पण नुसते यंत्र हाती दिल्याने काय होते, याचे उत्तर २०१२ मध्ये पेरू देशातून आले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासात असे लॅपटॉप मिळालेल्या मुलांचे गणित आणि भाषा या विषयांतील गुण वाढलेले आढळले नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी ६१९ मुलांचा अभ्यास केला. ही मुले प्रामुख्याने सहावी ते नववीची होती. त्यांतील काहींना सोडतीने एका संगणकीय प्रणालीच्या केंद्रात प्रवेश मिळाला. ही प्रणाली मूल कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते आधी शोधी आणि मुलांच्या चुकांची घडण पाहून पुढचे प्रश्न ठरवी. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती इतरांहून स्पष्टपणे जास्त दिसली. केंद्रातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणसाच्या मार्गदर्शनाखाली जाई, हेही विसरता कामा नये.

म्हणून वर्गात एखादे नवे ॲप आले की चित्रे किती सुंदर आहेत आणि चांदण्या किती मिळतात हे पाहण्याआधी आपण स्वतः मुद्दाम एक चुकीचे उत्तर द्यावे आणि काय होते ते पाहावे. नुसती फुली येते, की बाण रुततो तसे काही दिसते? पर्याय दाबत दाबत पुढे जाता येते का? मुलाने काय उत्तर दिले होते हे शिक्षकाला नंतर पाहता येते, की फक्त गुण दिसतात? ॲप सरावापुरते चांगले असेल तर ते सरावापुरते जरूर वापरावे. लगेच उत्तर कळण्याची मुलांची गरज स्किनर यांनी १९५३ मध्ये ओळखली होती आणि ती आजही खरी आहे. मात्र चार-सहा मुलांना रोज जवळ बोलावून "हे कसे आणलेस?" एवढे विचारण्याचा वेळ त्यातून वाचला पाहिजे. प्रेसींनी आपले यंत्र त्यासाठीच केले होते.

भाचीचे काय झाले? त्या रात्री मी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मला सत्तावीस रुपये दे." तिने दोन नोटा दिल्या आणि नाण्यांकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मामा, सुटे नाहीत." एक नोट घेऊन ती आजीकडे गेली आणि दहा नाणी घेऊन आली. सात मोजून माझ्या हातावर ठेवली आणि उरलेले पैसे मोजले. पंचवीस. थोडा वेळ ती गप्प होती. मग तिने वही मागितली आणि ५२ − २७ पुन्हा लिहिले.